ठोकून बसवलेला पत्ता

“भाऊ, पुनाना काही निरोप उना का?” काउंटरला टेकत लताबाईने विचारलं. तिचे वडील उखर्डूनाना पहाटे गेले होते. थोरला भाऊ पुना मस्कतला. त्याच्या कंपनीत फोन करून निरोप ठेवलेला; उत्तर मेलवर यायचं होतं. अग्नी पुनाने द्यायचा, म्हणून सारं गाव दारात खोळंबलं होतं.

धुळ्यातल्या त्या इंटरनेट सेंटरचा तोताराम सर्वेसर्वा. त्याने खूप खटपट केली, पण मेलचं पान काही उघडेना.

“तिकडचंच बंद आहे, अक्का,” तो छातीठोकपणे म्हणाला. “आज भरवसा नाही.”

“मंग आते काय करानं?”

“मी तर म्हणतो, थांबू नका.”

लताबाई डोळे पुसत जीपमध्ये बसली.

दुपार टळली तरी तेच. शेवटी त्याने जळगावला, सोबत कॉम्प्युटर शिकलेल्या कौतिकला फोन लावला.

“आमच्याकडे मस्त चालू आहे की,” कौतिक म्हणाला. “तू त्या मेलवाल्यांच्या मशीनचा पत्ता ठोकून तर बसवला नाहीस?”

बसवला होता. लाइन इतकी रडकी, की साइटच्या नावावरून तिच्या मशीनचा आकडी पत्ता दरवेळी विचारून आणेपर्यंत गिऱ्हाईक जांभया देई. म्हणून पठ्ठ्याने तो एकदाच विचारून आपल्या मशीनमध्ये पक्का करून टाकला होता. वर, आमच्याकडे पान कसं झटकन उघडतं, म्हणून भाव खाई.

“येड्या, एवढी मोठी मेल कंपनी ती. आपली मशीनं सारखी बदलते, तसा पत्ताही बदलतो. पत्ता काही मिनिटंच धरा, मग परत विचारा, असं तीच सांगते.”

काही मिनिटं? इतक्या लवकर बिऱ्हाड कोण हलवतं? तोतारामला थट्टाच वाटली. तरी त्याने तो पत्ता पुसला, आणि पान उघडलं. लताबाईचं खातं त्यानेच काढून दिलेलं. त्यात सकाळचाच मेल होता. विमान मिळालं, उद्या सकाळी धुळ्यात पोचतो, नानाला बर्फावर ठेवा.

स्कूटर दामटत तो गावात पोचला, तेव्हा माणसं नदीवरून अंघोळी करून परतत होती. अग्नी पुतण्याने दिला होता.

त्याने लताबाईला सगळं सांगितलं. ती ओट्यावर बसून राहिली. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

सकाळी बसस्टँडवर पुनाला घ्यायला तोच गेला. लताबाईकडून आलोय, एवढंच कसंबसं म्हणाला.

“बठ्ठा थांबनात ना, भाऊ?” सगळे आपल्यासाठी थांबले असतील, या भरवशाने पुनाने विचारलं.

तोतारामने त्याच्या हातातली बॅग घेतली आणि खाली मान घालून चालू लागला.