जावयाला दिलेलं वाण

जयश्रीबाईंना पहिला फोन आला तेव्हा त्या अनारशाचे भिजवलेले तांदूळ चादरीवर पसरवून राहिल्या होत्या. पलीकडून एक पोट्टी दबक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, तुम्ही शिकायत समितीच्या मेंबर ना?"

"रॉंग नंबर हाय माय," असं म्हणून जयश्रीबाईंनी फोन ठेवून दिला.

पोट्टी चिवट होती. तिनं पुन्हा लावला. "कॉलेजच्या बोर्डावर लिहून हाय मॅडम. सौ. जयश्री घागरे, समाजसेविका, सौंसर. खाली हाच नंबर हाय."

आता समाजसेवा म्हणाल तर जयश्रीबाईंनी जन्मात एवढीच केली होती, की शेजारच्या बाळंतिणीला डिंकाचे लाडू नेऊन दिले. बाकी त्या कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. घरी घागरे मास्तर बोलायचे आणि त्या ऐकायच्या. मास्तर रिटायर झाले, तरी हा क्रम बदलला नव्हता. मग ही समाजसेविका आली कुठून? कॉलेज कोणतं, असं विचारल्यावर पोट्टीनं पांढुर्ण्याच्या एका खाजगी कॉलेजचं नाव सांगितलं, आणि जयश्रीबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या कॉलेजाच्या ऑफिसात बडे बाबू होते हेमराज. हेमराज म्हणजे त्यांचे एकुलते एक जावई.

पोट्टीचं नाव वृषाली. ती रामाकोन्याची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. दुसऱ्या दिवशी ती घरीच आली आणि माठातलं पाणी पिऊन भडाभडा बोलली. केमिस्ट्रीचे अरविंद सर प्रॅक्टिकल संपल्यावर तिला परीक्षानळ्या धुवायला एकटीला थांबवत. मग मागून येऊन खांद्यावर हात ठेवत, आणि तो हात तिथंच राहत नसे. तिनं झिडकारलं, तेव्हा हसून म्हणाले, प्रॅक्टिकलचे मार्क माझ्याच हातात हायेत बरं.

"मग तू तक्रार नाही दिली?"

"देऊन तर राहिली ना मॅडम. कोनी घेऊनच नाही राहिलं."

ही त्या कॉलेजची खरी कारागिरी होती. तक्रार कुणी नाकारत नव्हतं, फक्त हातात घेत नव्हतं. प्राचार्य म्हणत, बाबूंकडे द्या. बाबू म्हणत, समितीकडे द्या. समितीच्या मॅडम म्हणत, मला तर कुणी मीटिंगला बोलावलंच नाही, तुम्ही पोस्टानं पाठवा. पोस्टानं पाठवलेलं पाकीट जसंच्या तसं परत आलं. हातात घेतलं की आवक होते, म्हणजे बाबूंच्या रजिस्टरात चढते, आवक झाली की चौकशी करावी लागते, आणि कॉलेज तर दरवर्षी वर कळवत असे की तक्रारी निरंक. निरंक म्हणजे एकही नाही. सोवळ्यातल्या बाईनं लांबूनच वाढावं तसा सगळा कारभार.

"पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकल हाय," वृषाली म्हणाली. "तक्रार आवक झाली, तर सर माझे मार्क नाही देऊ शकत, बाहेरचे सर देतील. नियमच हाय तसा. नाही झाली, तर मी फेल. अन् बाबा म्हनून राहिले, फेल झाली तर घरी बस."

जयश्रीबाईंना राग आला. फार दिवसांनी आला, त्यामुळे त्याचं काय करायचं हे त्यांना पटकन सुचेना. जावयाला फोन करून झापावं? पण जावयाला उलट प्रश्न विचारायची रीत नाही. त्याच्या ताटात वाढायची रीत आहे. आणि नेमका अधिक महिना चालू होता, धोंड्याचा. या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, धोंडे करून घालायचे आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. जयश्रीबाईंनी रीत मोडायची नाही असं ठरवलं.

रविवारी हेमराज आणि प्रणाली पांढुर्ण्याहून आले. हेमराजनं नवा कडक सदरा घातला होता. जोडीनं पाटावर बसवून जयश्रीबाईंनी ओवाळलं, आणि मग वाढायला लागल्या. पुरण भरलेले धोंडे, त्यावर तूप, कढी, भजी. हेमराज नको नको म्हणत खात होता. सासूला तो मामी म्हणे. "मामी, पोट फुटून राहिलं," तो म्हणाला, तेव्हा त्यांनी आणखी एक धोंडा वाढला.

जेवण झालं. जयश्रीबाईंनी तांब्याचं ताट आणलं, त्यावर जरीचा रुमाल, रुमालावर निरांजन. हेमराजनं दोन्ही हातांनी ताट घेतलं आणि भक्तिभावानं कपाळाला लावलं.

"थांबा, फोटो काढते," प्रणाली म्हणाली. तिला सगळं ठाऊक होतं. "रुमाल काढा ना, अनारसे दिसू द्या."

जयश्रीबाईंनी निरांजन उचललं, रुमाल ओढला. हेमराज मोबाईलकडे बघून छान हसला. फोटो निघाला. मग त्यानं खाली पाहिलं. अनारशांच्या मधोमध एक पाकीट उभं होतं, आणि त्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'शिकायत समितीसाठी, वृषालीची तक्रार'.

"हे काय हाय मामी?"

"वाण हाय, जावईबापू."

"हे मी नाही घेत." त्यानं ताट खाली ठेवलं.

"घेतलं ना. कपाळाले लावलं. वाण परत करत नाहीत."

आतल्या खोलीतून वृषाली बाहेर येऊन उभी राहिली. तिला पाहून हेमराजच्या सगळं ध्यानात आलं आणि त्याचं डोकं तापलं. "मामी, तुम्हाले यातलं काही समजत नाही. प्राचार्य म्हणाले, नियमाप्रमाणं बाहेरची एक बाई पाहिजे, पण येणारी नको. म्हणून तुमचं नाव दिलं. कारण तुम्ही कधी कोणाले काही म्हणतच नाही."

जयश्रीबाईंना ते फार लागलं. खोटं असतं तर एवढं लागलं नसतं. साऱ्या जन्माचं त्यांचं शहाणपण, आणि जावयानं त्याचा उपयोग केला तो असा. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"मले विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं बापू," त्या म्हणाल्या. "तुम्ही न विचारता लिहिलं. आता बोर्डावर मी हाय, तर मी हाय."

"अन् माझी नोकरी?"

"प्राचार्यांना सांगा, सासूनं वाणात दिलं, परत कसं करू? त्यांनाही सासू असंलच."

इतका वेळ पेपर तोंडासमोर धरून बसलेले घागरे मास्तर पेपरामागेच हसले. हेमराजनं बायकोकडे पाहिलं. प्रणाली म्हणाली, "फोटो वृषालीकडे गेला हाय. तुम्ही लई छान हसले त्यात."

हेमराज मुळात वाईट माणूस नव्हता. पोटात एवढं पुरण गेल्यावर माणसाला खोटंही धड बोलता येत नाही. सोमवारी त्यानं तक्रार आवक केली, शिक्का मारला आणि प्राचार्यांना सासूचं कारण जसंच्या तसं सांगितलं. प्राचार्यांनी शिक्का दोनदा निरखून पाहिला. मग म्हणाले, "बाबूजी, दुसरी कोणी बाई नव्हती का तुमच्याकडं?"

वृषालीचं प्रॅक्टिकल बाहेरून आलेल्या सरांनी घेतलं. चौकशीच्या पहिल्या दिवशी जयश्रीबाई सकाळच्या बसनं पांढुर्ण्याला गेल्या आणि खुर्चीवर बसल्या. अरविंद सरांनी विचारलं, "या बाई कोण?" हेमराज उभा राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूची ओळख करून द्यायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

"समितीच्या सदस्य आहेत," तो म्हणाला, आणि जाऊन त्यांच्यासाठी पाण्याचा ग्लास घेऊन आला.

चौकशी अजून चालू आहे. अरविंद सरांचा वकील लई बोलतो, आणि जयश्रीबाईंना ऐकायची सवय आहेच, त्या शब्दन्‌शब्द ऐकून घेतात आणि मग एकच प्रश्न विचारतात. त्या पहिल्या दिवशी परत येताना बसमध्ये, लोधीखेड्याच्या एका बाईनं दिलेली संत्र्याची गोळी चघळत असतानाच त्यांचा फोन वाजला. अनोळखी नंबर होता. एक दबका आवाज म्हणाला, "मॅडम, मी वृषालीच्या बाजूच्या वर्गातली हाय. अरविंद सरांचंच सांगायचं होतं. रॉंग नंबर तर नाही ना लागला?"

"नाही माय," जयश्रीबाई म्हणाल्या. "बरोबर लागला. बोल, मी ऐकून राहिली."