सगळ्यांना एकच खरारा

मी एक जुना खरारा आहे. लाकडी पाठ, राठ केस आणि पाठीला एक लांब चीर. घोड्यांच्या अंगावरची धूळ झाडणे हे माझे काम. मित्रांनो, जुन्या वस्तू अडगळीत पडल्या म्हणून रडतात. मी मात्र कोणी टाकतच नाही म्हणून थकलो आहे.

मला मोतद्दाराच्या सासऱ्यांनी घडवले. मोतद्दार म्हणजे तबेल्यातल्या घोड्यांची निगा राखणारा. त्याने मला तळहाताच्या फोडासारखे जपले. रोज सकाळी सहाही घोड्यांवरून मी फिरायचो. पाहुणे त्यांची चकाकी वाखाणायचे, तेव्हा मीही फुशारून जायचो.

मग तांबडी नावाच्या म्हाताऱ्या घोडीच्या मानेवरचे केस गळून गोल चट्टा पडला. पाठोपाठ शिंगराला, मोतद्दाराच्या मनगटाला आणि त्याच्या लेकीच्या गळ्याला. गजकर्ण! डॉक्टरांनी मलम दिले, पण खाज थांबताच बापलेकीने ते बंद केले. चट्टे परत आले. तबेल्याच्या मालकीणबाईंनी सगळे खापर तांबडीवर फोडले आणि तिला विकायला काढले. असली थकलेली घोडी घेऊन कोणी तिला पोसत बसणार नाही, हे मोतद्दाराला ठाऊक होते. त्याने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावले.

त्यांनी घोड्यांचे केस तपासले, मग मला उचलले.

"हा कोणाकोणाला वापरता?"

"सगळ्यांना. मी दुजाभाव करत नाही."

"तेच नडलंय. याच्या चिरेत बुरशी बसलीय. जाळून टाका. प्रत्येक घोड्याला वेगळा ब्रश घ्या. मी देते ते औषध सगळ्यांना लावा. आणि तुम्ही दोघं, चट्टा गेला तरी सांगितलंय तितके दिवस मलम लावा."

मालकीणबाई म्हणाल्या, "दोन महिने बघते. पुन्हा कोणाला उठलं, तर तांबडी जाणार."

मोतद्दाराने सगळे ऐकले, फक्त मला जाळले नाही. सासऱ्यांची आठवण होती ना! फडक्यात गुंडाळून त्याने मला लेकीच्या लोकरी कपड्यांच्या पेटीत लपवले. मी ओरडणार तरी कसा?

घोड्यांना केस आले. सगळ्यांचे चट्टे गेले. थंडी पडली तशी लेकीने माझ्या अंगाला लागलेला स्वेटर काढून घातला. आठवड्यात तिच्या गळ्यावर नवे कडे उमटले, आणि तांबडीला न्यायला गाडी आली.

"तांबडीला बिलगलीस ना?" बापाने विचारले.

"नाही हो बाबा. तुम्ही नको म्हणालात, म्हणून मी दारातूनच बघत होते तिला."

मोतद्दाराची नजर तिच्या स्वेटरवर गेली. त्याने पेटी उघडली आणि मला घेऊन तो थेट मालकीणबाईंसमोर उभा राहिला.

"बाई, तांबडीचा दोष नाही. हा मी लेकीच्या कपड्यांत लपवला होता."

त्या त्याला खूप बोलल्या. पण गाडी रिकामीच परत गेली.

आता मी अंगणात वाळक्या काटक्यांवर पडलो आहे. लेकीच्या गळ्याला मलम लागले आहे, स्वेटर उकळत्या पाण्यात आहे. मोतद्दार मात्र काडी हातात धरून नुसता उभा आहे. मित्रांनो, त्याला कोणी समजवाल का? त्याच्या सासऱ्यांनी मला घोड्यांच्या भल्यासाठी घडवले होते. ओढ म्हणावे काडी.