पाणी सोडताना

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरच्या इन्सोमच्या मेंदूच्या चित्रातल्या पांढुरक्या डागांवर बोट ठेवलं, तशी सीनुआन खुर्चीतून पुढं सरकली. इन्सोम मात्र खिडकीबाहेर बघत राहिला.

“मेंदूतल्या निरोप नेणाऱ्या तारा इथं झिजल्यात. साधं नाव आठवायचं, तरी यांच्या मेंदूला दुप्पट राबावं लागतं.”

“पण दादा एक गोळी चुकवत नाहीत,” सीनुआन म्हणाली. “रक्तात आता विषाणू सापडतसुद्धा नाही.”

“खरंय. पण गोळ्या मिळायच्या आधी त्याला मोकळं रान होतं.”

“तारा जुन्या झाल्या म्हणायच्या,” इन्सोम म्हणाला. “वीजवाल्यांना बोलवा.”



उत्तर थायलंडमधल्या लाम्पांगजवळच्या त्यांच्या गावात एचआयव्ही झालेल्यांचा गट एके काळी मोठा होता. आता हे दोघंच उरले होते. त्या काळी गाव यांच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसे. कुणी गेलं की चिता घाईघाईनं पेटायची आणि मागं त्याचं नाव कुणी काढत नसे. म्हणून इन्सोम काढू लागला. दर वर्षी विहारात भिक्खूंची जेवणं झाली, की सीनुआन पुण्य पोचवायचं पाणी वाडग्यात सोडायची आणि तो गेलेल्या एकेकाला नावानं हाक मारायचा.

“यंदा लिहून नेऊ या का?” दवाखान्यातून परतताना बसमध्ये तिनं भीतभीत विचारलं.

“कागदात बघून हाक मारतात का आपल्या माणसांना? तू आपली पाणी सोड.”

पाणी सोडायच्या सकाळी विहारात मंत्र सुरू झाले. सीनुआननं सुरई कलती केली.

“तोंगदी. पैजेवर मिरच्या खायचा. सुपिन. नवऱ्याआधी गेली, सुटली. खामपान. याला पोहायला येत नव्हतं, पण सांगायचा नाही.”

आवाज खणखणीत होता. सीनुआनला हायसं वाटलं.

आणि तो अडला. ओठ हलत होते, नाव येईना. कपाळावर घाम डवरला. थोरल्या भिक्खूंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मंत्र लांबवला. पुढचं नाव सीनुआनच्या नवऱ्याचं होतं. ते सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलं, तोच इन्सोमचा चेहरा उजळला.

“सीनुआन,” तो म्हणाला. “ज्यांना कुणी शिवत नव्हतं, त्यांना हातानं भरवायची. तिच्यामागं रडायला कुणी उरलं नाही. तिलाही पोचू दे.”

तिनं पाण्याची धार तुटू दिली नाही.

“कुणी राहिलं नाही ना गं?” त्यानं हळूच विचारलं.

“नाही, दादा. सगळे आले.”

त्यानं समाधानानं हात जोडले. सुरईच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं. ते सोडताना सीनुआननं नवऱ्याचं नाव ओठांतल्या ओठांत घेतलं.