शेठनं गाठ खाल्ली

वखारीमागच्या गोदामात त्या रविवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या कधीच संपल्या होत्या. उशिरा आलेले खिडक्यांच्या कठड्यांवर चढले होते आणि एक आजोबा शिडीच्या मधल्या पायरीवर बसले होते, कारण वरची पायरी त्यांच्या सुनेनं आधीच पटकावली होती. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या. समोर टेबलावर कोपऱ्यावरचा खाटीक उघड्या अंगानं पालथा पडला होता आणि बोटवाले बाबा त्याच्या कमरेत बोटं घालत होते.

घालत होते म्हणजे खरोखर आत घालत होते. निदान दिसत तरी तसं होतं. चाकू नाही, सुई नाही, भूल नाही. कमरेशी एक दुमडलेला पांढरा टॉवेल, बस्स. बाबांची बोटं पेरापर्यंत मांसात गेली, लाल पाणी ओघळलं, बाबांनी डोळे फिरवले आणि सुळकन एक काळपट, लिबलिबीत गोळा बाहेर ओढला.

"ही ह्यांची कंबरदुखी," बाबांनी गोळा उंच धरला. "इतकी वर्षं आत राहत होती, भाडं न देता. आज घर खाली केलं."

गोदामात टाळ्यांचा कडकडाट झाला. मदतनिसानं टॉवेलनं कंबर पुसली, तर ओरखडासुद्धा नाही. त्यानं खाटकाच्या तोंडापुढं माईक धरला. खाटकानं समोरच्या शेदीडशे डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "हलकं वाटतंय."

पाचव्या रांगेत टोपी, काळा चष्मा आणि भर उन्हाळ्यात मफलर गुंडाळलेला एक गृहस्थ बसला होता. आपल्याला कुणी ओळखणार नाही अशी त्याची पक्की खात्री होती. त्याच्या पायाशी सुटलेल्या पोटाचा, पाठीवरचे केस झडलेला आणि बसल्या जागी धापा टाकणारा एक तपकिरी कुत्रा होता.

"काय मास्तर," शेजारची बाई म्हणाली, "शेठलाही आणलंत होय?"

मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. आता घालून उपयोग नव्हता.

मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे. नुसतं शाळेत शिकवून थांबले असते तर गोष्ट वेगळी, पण त्यांना जागा कुठलीही चालायची. न्हाव्याच्या खुर्चीत बसून ते कात्रीमागचं तरफेचं तत्त्व सांगायचे. कुणी मांजर आडवं गेलं म्हणून थांबलं, तर त्याला थांबवून, म्हणजे आणखी थांबवून, समजावायचे. असा माणूस आज मफलर बांधून इथं का बसला, ते सांगायला हवं.

शेठ आधी असा नव्हता. शिडशिडीत होता, तेव्हा त्याला दुसरं नाव होतं. मग तो पाणी प्यायला लागला. वाडगं, बादली, फुलदाणी, मोरीतली कपड्यांची घमेली, काही सोडेना, आणि प्यायलेलं सगळं घरभर परत करायचा. भूक तर अशी की खोडरबर, साबणाचा तुकडा आणि आठवीच्या अर्ध्या वर्गाच्या उत्तरपत्रिका त्यानं फस्त केल्या. त्या मुलांना मास्तरांनी सरसकट पास केलं. मग पोट सुटलं आणि गल्लीनं त्याला शेठ म्हणायला सुरुवात केली.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून निदान केलं. कुशिंगचा आजार. "मेंदूच्या तळाशी एक इवलीशी ग्रंथी असते," त्या म्हणाल्या. "तिच्यात गाठ झालीय. ती गाठ मूत्रपिंडांजवळच्या ग्रंथींना सारखे हुकूम सोडते, अजून संप्रेरक बनवा, अजून बनवा. म्हणून ही तहान, ही भूक, हे पोट." गोळ्या सुरू झाल्या. शेठ सुधारला. मास्तरांनी ही ग्रंथी दूधवाल्यालाही आकृती काढून समजावली.

पण पुढं शेठ गोल गोल फिरायला लागला, तेही डावीकडेच. दाराआडच्या कोपऱ्यात शिरायचा आणि मागं कसं यायचं ते विसरून भिंतीला डोकं टेकवून उभा राहायचा. पुन्हा तपासणी झाली. गाठ वाढली होती आणि मेंदूवर दाब देत होती. किरणोपचारासाठी पुन्हा पुन्हा भूल द्यावी लागली असती आणि एका तपासणीच्या भुलीतच शेठचं म्हातारं हृदय रुसलं होतं.

"बरा होणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण त्याला सुखात ठेवता येईल. ह्या गोळ्या झटके येऊ नयेत म्हणून. ह्या मात्र कधी चुकवू नका."

सगळं ऐकलेल्या मास्तरांच्या डोक्यात पहिलं वाक्य तेवढं राहिलं. बरा होणार नाही. शाळेत फळ्याकडे तोंड करून ते बराच वेळ काही न लिहिता उभे राहायला लागले. त्यांची बायको लाँड्री चालवायची. तिच्या लाँड्रीत बोटवाल्या बाबांचा विषय निघाला तेव्हा ती हसली होती. रात्री जेवताना तिनं सांगितलं, तेव्हा मास्तरही हसले होते. जरा उशिरा हसले, हे तिच्या लक्षात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या सांगाड्याआड उभं राहून मास्तरांनी बाबांच्या मदतनिसाला फोन केला.

"कुत्रा चालेल का?" त्यांनी हळूच विचारलं.

"बाबांना सगळे जीव सारखे," मदतनीस म्हणाला. "फक्त सकाळपासून औषध बंद ठेवा. गोळीच्या लहरी आणि बोटाच्या लहरी एकमेकांना कापतात."

लहरी अशा कापत नाहीत. मास्तरांना हे माहीत होतं. दरवर्षी ते त्यावर एक आख्खा धडा शिकवायचे. तरी आज सकाळी त्यांनी गोळी दिली नव्हती, आणि "शेठला जरा फिरवून आणतो" असं बायकोला सांगून ते निघाले होते.

"पुढचा," मदतनीस ओरडला.

शेठला टेबलावर चढवायला तिघे लागले. बाबांनी त्याच्या डोक्यावर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. "ह्याच्या डोक्यात फार जुना राग साठलाय," ते म्हणाले. "कंपनं बिघडलीयेत. डावीकडची ऊर्जा उजवीकडे येत नाही, म्हणून बिचारा फिरतो. बरोबर?"

फिरतो हे मास्तरांनीच फोनवर सांगितलं होतं. तरी त्यांची मान हलली.

"गोळ्या आणल्यात?"

मास्तरांनी खिशातून पाकीट काढलं. मदतनिसानं कचऱ्याची टोपली पुढं केली. "स्वतःच्या हातानं टाका. शंका टाकतोय असं म्हणा आणि टाका."

मास्तरांचा हात टोपलीवर थांबला. आतून कुणीतरी, बहुधा त्यांच्यातला मास्तर, ओरडत होतं. पण शेठ त्यांच्याकडे बघत होता आणि त्यांना तो हवा होता, पुढच्या वर्षी, त्याच्याही पुढच्या वर्षी. "शंका टाकतोय," ते पुटपुटले आणि त्यांनी पाकीट सोडलं.

"सगळ्यांनी डोळे मिटा," बाबा म्हणाले.

सगळ्यांनी मिटले. शेठनं मिटले नाहीत. बाबांच्या हाताखालचे आजवरचे सगळे रुग्ण पालथे किंवा डोळे मिटून पडणारे, आणि मुख्य म्हणजे पोट भरलेले होते. कुशिंगचा रुग्ण म्हणजे काय, हे बाबांनी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी त्या दिवशी सर्दी झाल्याचं सांगितलं असतं. शेठचं नाक थरथरत होतं आणि नजर होती त्या दुमडलेल्या टॉवेलवर.

"उघडा डोळे." बाबांची बोटं शेठच्या कानांमागे वाकली, लाल पाणी ओघळलं. "येतेय, येतेय, फार चिवट आहे, ही बघा गाठ."

गाठ वर गेली आणि तिच्यामागोमाग शेठ. धाप लागणारा, भिंतीला डोकं टेकून उभा राहणारा तो म्हातारा मागच्या पायांवर ताड्कन उभा राहिला, बाबांच्या बोटांतून गाठ अलगद काढून घेतली आणि न चावता गिळली.

टाळ्यांसाठी वर गेलेले हात तसेच राहिले.

"त्यानं स्वतःचीच गाठ खाल्ली," शिडीवरचे आजोबा म्हणाले.

बाबा मात्र मुरलेले. "पाहिलंत?" ते क्षणात सावरले. "आजारानं त्याला खाल्लं होतं. आज त्यानं आजाराला खाल्लं."

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. ह्याला म्हणतात हजरजबाबीपणा. बाबांचं दुर्दैव एवढंच की शेठचं पोट भरलं नव्हतं. त्यानं टॉवेलचं टोक दातात धरून ओढलं. टॉवेलच्या दुसऱ्या टोकाला अडकलेला एक स्टीलचा डबा टेबलाखालच्या फळीवरून घरंगळला, झाकण उडालं आणि फरशीवर काळपट, लिबलिबीत गोळे पसरले. शेठनं उडी मारली. पुढच्या रांगेतल्यांच्या डोळ्यांदेखत त्यानं कुणाचा दमा खाल्ला, कुणाची मूळव्याध खाल्ली आणि कुणाची अर्धशिशी दोनदा चाटून मग खाल्ली.

"अहो, त्यात माझा मुतखडा होता का?" एक बाई काळजीनं विचारत होती. "माझा नंबर अजून लागलाच नाही."

मास्तर खाली वाकले. त्यांनी एक गोळा उचलला, वास घेतला आणि टोपी काढून टेबलावर ठेवली.

"कोंबडीची कलेजी," ते म्हणाले.

"माझ्याच दुकानातली," मागून खाटीक म्हणाला. "मघाशी टेबलावर वास ओळखीचा आला होता. म्हटलं, माझ्याच हातांचा असेल."

"पण तुमची कंबर हलकी झाली ना?" कुणीतरी विचारलं.

खाटीक ओशाळला. "दुखतेच आहे. पण एवढे लोक बघत होते, नाही कसं म्हणणार?"

मास्तरांना एकदम त्यांचा आवाज सापडला. त्यांनी खाटकाला पुन्हा टेबलावर झोपवलं, बोटं मधल्या पेरात दुमडली आणि त्याच्या सैल कमरेवर दाबली. बोटं आत गेलेली दिसली. शिडीवरची सून किंचाळली. मग त्यांनी तीच दुमडलेली बोटं वर करून सगळ्यांना दाखवली. टॉवेलच्या घडीतून त्यांनी लाल रंगात भिजवलेला स्पंजाचा तुकडा काढून पिळला. "हे रक्त. कलेजी टॉवेलात. डोळे मिटा म्हटलं की ती हातात येते. बाकीचं काम आपणच करतो, टाळ्या वाजवून."

बाबा आणि मदतनीस तोवर मागच्या दाराशी पोचले होते. पण ज्यांचे आजार शेठच्या पोटात गेले होते, ते त्यांच्याआधी तिथं उभे होते. पुढचं काम पोलिसांनी केलं.

गर्दीतून वाट काढत मास्तरांची बायको पुढं आली. ती कधी आली होती, कुणास ठाऊक.

"सकाळची गोळी दिलीत?" तिनं विचारलं.

"नाही."

"पाकीट कुठंय?"

मास्तरांनी टोपलीकडे बोट दाखवलं. तिनं पाकीट काढून पदरानं पुसलं. मग ते मास्तरांच्या हातात ठेवलं. त्यांनी हातातल्या कलेजीत गोळी खुपसून शेठपुढं धरली. बाबांच्या त्या डब्यातून कुणाच्या तरी पोटात खरं औषध गेलं, ते हे एवढंच. मग मास्तर सगळ्यांसमोर टेबलाला टेकून रडले.

"मास्तर, तुम्ही सुद्धा?" खाटकानं विचारलं. टोमणा नव्हता, त्याला खरंच नवल वाटत होतं.

"मी सुद्धा," मास्तर म्हणाले. "मला सगळं कळत होतं हो. पण भीती वाटत होती. भ्यायलेल्या माणसाला कुणी मान हलवून 'होईल' म्हटलं की पुरतं. त्याला पुरावा मागायला जीभच उचलत नाही. म्हणून सांगतो, भीती वाटली की मला विचारा, डॉक्टरला विचारा, हिला विचारा. एकट्यानं मफलर बांधून जाऊ नका."

दुसऱ्या दिवशी शेठचं पोट बिघडलं आणि ते त्यानं मास्तरांच्या बुटात मोकळं केलं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर मास्तरांना शाळकरी पोरासारखं झापलं, गोळ्यांच्या वेळा पुन्हा सांगितल्या, आणि कोपऱ्यात अडकू नये म्हणून दारामागं उशा लावायला सांगितल्या. मास्तरांनी आणि बायकोनं त्या लावल्या. शेठ आता उशांत अडकतो. तेव्हा दोघांपैकी जो जवळ असेल तो जाऊन त्याला कमरेला धरतो, हलकेच मागं ओढतो आणि तोंड दिव्याकडे वळवून देतो. संध्याकाळी अंगणात शेठ डावीकडे फिरतो आणि पट्टा धरून मास्तरही फिरतात. त्यांना चक्कर येते, पण तक्रार नसते.

शेठ बरा होणार नाही. हे लिहितानाही बरं वाटत नाही, पण खोटं लिहून तो बरा होणार आहे थोडाच. त्याला वेळेवर गोळी लागते, भरलेलं वाडगं लागतं आणि अडकला की सोडवणारं माणूस लागतं. ह्याला चमत्कार म्हणत नाहीत, म्हणून ते बघायला कुणी शिडीवर चढत नाही. तुमच्या घरी कुणी आजारी असेल, तर डॉक्टरांना दहा प्रश्न विचारा, दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, वाटल्यास भांडा. पण कुणी चालू औषध टाकून द्यायला सांगितलं, तर त्याच्या बोटांकडे नीट बघा, आणि तो सांगेल तेव्हा डोळे मिटू नका.