पौषातलं दर्शन

रुचीने डोकं आणि खांदे गुंफेच्या अरुंद बोळात घातले आणि लगेच बाहेर काढले.

"दगड फार गार आहे," ती म्हणाली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

शेवंताबाई मागे उकिडवी बसली होती. पायथ्याच्या गावातली ही बाई; भाविकांना सरपटत गुंफेत नेऊन आणायचं तिचं काम. तिचा नियम एकच. बोळात शिरलेल्या माणसाने बोलत राहायचं. कुणी गप्प झालं की ती मागून टाच ओढायची.

"बोल माय, कायबी बोल. तुमना दुकानमा काय काय शे?"

गेल्या पौषात रुची या बोळाच्या मध्यातून उलटी सरपटत बाहेर आली होती आणि तिच्यामागच्या सात जणांनाही तसंच मागे यावं लागलं होतं. ती लिफ्टमध्ये चढत नाही, न्हाणीघराची कडी लावत नाही, हे पिंप्राळ्याच्या घरात त्या दिवशी सगळ्यांना कळलं. मग काय, वर्षभर चेष्टेला विषय मिळाला. नवरा रोनक तर कपाट उघडतानाही "तू लांब हो" म्हणायचा. हसल्या नव्हत्या त्या एकट्या सासूबाई, पानबाई. यंदा मात्र रुची हट्टाने आली होती. मूर्तीसमोर उभं राहायचं, नाहीतर या डोंगराकडे पुन्हा फिरकायचं नाही.

ती आत शिरली.

"साड्या," ती म्हणाली. "मोरपंखी. राणी. आमसुली. डाळिंबी..."

"डाळिंबी मनासाठे ठेव."

"ठेवते. चिंतामणी. रामा..."

वरचा दगड पाठीला टेकला. पुढचा रंग आठवेना. छातीत हवा मावेना, आणि आपण इथेच राहणार, अशी तिची खात्रीच पटली. तेवढ्यात टाचेला हिसका बसला.

"का वं, गप का व्हयनी?"

"अबोली!" रुची ओरडली. ओरडताना छातीतली सगळी हवा बाहेर पडली, अंग सैल झालं, आणि ती हातभर पुढे सरकली. मग तिने तेच धरलं. एक रंग ओरडायचा, तेवढं सरकायचं. निळे रंग संपले तेव्हा वर दगड नव्हता.

शेवंताबाईने बॅटरी लावली. रुची उठून उभी राहिली. गुडघे सोलले होते, नाकात माती होती, आणि तिला इतका आनंद झाला होता, की हात जोडायचेही ती क्षणभर विसरली.

येतानाचा बोळ तेवढाच अरुंद होता, पण येताना तिने रंग दोनदा मोजले, आणि तेही मजेत.

बाहेर उन्हात पानबाई दगडावर बसल्या होत्या. रोनक पाणी आणायला खाली गाडीकडे गेला होता. पानबाईंनी सुनेच्या केसांतली माती काढली, तिचे गाल चाचपले.

"आलीस. बरं झालं, बिंदणी. फार बरं झालं."

"मम्मीजी, काही वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण गेले."

पानबाईंनी पायवाटेकडे पाहून घेतलं. लग्न होऊन आल्यापासून चाळीस पौष त्या इथे येत होत्या. सगळ्यांचं दर्शन झालं, की "आता मी निवांत जाऊन येते" म्हणून माणसांना खाली पाठवून द्यायच्या.

"बिंदणी," त्या हळूच म्हणाल्या, "मूर्ती उभी आहे की बसलेली?"

शेवंताबाई एकदम लुगड्यावरची माती झटकू लागली.

रुचीने सासूकडे पाहिलं. मग ती त्यांच्याशेजारी, त्याच दगडावर, अगदी खेटून बसली.

"उभी आहे. माझ्या खांद्याएवढी. काळी. डाव्या हाताची दोन बोटं झिजली आहेत."

पानबाई ऐकत होत्या. त्यांनी आपल्या डाव्या हाताची बोटं मिटली, उघडली.

रोनक धापा टाकत वर आला. बायको बाहेर आलेली पाहून त्याने बाटली तशीच पुढे धरली आणि दोघींच्या तोंडाकडे बघत राहिला.

"झालं दर्शन? आणि काय एवढं चाललंय तुमचं?"

"काही नाही," रुची म्हणाली. "आत मूर्ती कशी आहे, ते मम्मीजी सांगतायत."