सांगाड्याची नववी रात्र

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुना सांगाडा आहे. खऱ्या हाडांचा, तारेने जोडलेला, लोखंडी दांडीला टांगलेला. बेलीझ देशातल्या डांग्रिगा गावी, समुद्राच्या वाऱ्याने खिडक्या खडखडणाऱ्या एका छोट्या कॉलेजात मी कित्येक वर्षे उभा आहे. मी मूळचा कुणाचा, कुठला, हे मला ठाऊक नाही. एका पेटीतून आलो, जोडला गेलो आणि लगेच कामाला लागलो.

आमच्याकडे खोल्यांची टंचाई. पहिल्या वर्षाच्या प्रत्येकाला जीवशास्त्र, समाजशास्त्र आणि धर्मांची ओळख हे तीन विषय घ्यावेच लागतात, आणि तिन्ही वर्ग माझ्याच खोलीत भरतात. मुले एक विषय एकदा शिकतात, फार तर नापास होऊन दोनदा. मी मात्र तिन्ही विषय कोळून प्यालो आहे. जीवशास्त्राचे अशर सर माझ्या बरगड्यांवरून छडी फिरवत. समाजशास्त्राच्या नोव्हेलो मिस माझ्याकडे बोट दाखवून विचारत, "सांगा, हा गरीब होता की श्रीमंत?" धर्म शिकवणारे कोक सर मला आधी भिंतीकडे तोंड करून उभे करत, मगच बोलायला लागत. तिघांचेही माझ्यावाचून पान हलत नसे, हे मी छातीठोकपणे सांगतो. हालही कमी झाले नाहीत. मधल्या सुट्टीत माझ्या तोंडात सिगारेट कोंबली जाई, आणि कुणीतरी पळवलेली करंगळी आजतागायत परत आलेली नाही.

अशात इसौरा आली. गारिफुना समाजातल्या मासेमाराची मुलगी, भारी हुशार. तिला नर्स व्हायचे होते, आणि जीवशास्त्रात पास झाल्याशिवाय नर्सिंगला प्रवेश नव्हता. प्रात्यक्षिकाच्या दिवशी तिने चार हात लांब उभे राहून माझी हाडे घडाघडा सांगितली.

"हात लावून दाखव," अशर सर म्हणाले.

"नाही लावणार, सर. याची नववी रात्र झाली होती का?"

वर्ग खो खो हसला. गारिफुना मुले तेवढी हसली नाहीत. त्यांच्यात माणूस गेला की नवव्या रात्री प्रार्थना, ढोल, जेवण करून त्याला निरोप देतात. निरोप न मिळालेल्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही.

"अगं, हा नमुना आहे, तुझा काका नव्हे!"

"कुणाचा तरी असेलच ना, सर?"

सर वरमले, पण नियम तो नियम. "शुक्रवारी पुन्हा ये. हात लावलास तर पास. नाहीतर नर्सिंग विसर."

मला फार वाईट वाटले. इतक्या मुलांना मी पास केले, आणि हिच्या वाटेत मीच आडवा आलो!

कोक सरांनी आणि नोव्हेलो मिसनी आपापल्या तासाला हाच विषय घेतला. वाद घालघालून मुलांनी ठरवले, की माझी नववी रात्र करायची. रात्री फाटक बंद असते, म्हणून ती गुरुवारी दुपारीच झाली! इसौराची मावशी मार्सेला नारळाच्या रसातला मासा आणि कुटलेली केळी घेऊन आली. ढोल घुमले. अशा रात्री डोमिनो खेळायचा रिवाज असतो, म्हणून अशर सरही खेळायला बसले आणि सपाटून हरले. नाव माहीत नव्हते म्हणून मावशीने प्रार्थनेत मला "पाहुणे" म्हटले. मला अगदी भरून आले.

आणि तिथेच घोटाळा झाला. ताट उचलून मावशी म्हणाली, "चला, खड्डा कुठे खणायचा?"

"खड्डा?" अशर सर उडालेच.

"मग? निरोप दिला ना त्याला? आता काय परत दांडीला टांगणार?"

"अहो मार्सेलाबाई, उद्या हिची परीक्षा आहे! याच्याशिवाय घेऊ कशी?"

"ते तुमचं तुम्ही बघा. इसौरा, निघालेल्याला हात लावून अडवलंस, तर माझ्या घराची पायरी चढायची नाही!"

झाले! आधी निरोप नव्हता म्हणून हात लावायचा नाही, आता निरोप दिला म्हणून लावायचा नाही. इसौराचा चेहरा पार उतरला. ती हळूच म्हणाली, "मावशी, आजोबा गेल्यावर त्यांची होडी घ्यायची होती, तेव्हा तू काय केलंस?"

"विचारलं त्यांना."

"मग मीही विचारते."

शुक्रवारी अख्खा वर्ग जमला. मावशी हाताची घडी घालून दारात उभी राहिली. इसौरा माझ्यासमोर आली. "पाहुणे, तुमची वाट अडवत नाही. सत्र संपलं की आम्हीच तुम्हाला समुद्रकाठच्या कबरस्तानात पोचवू. तोवर शिकवाल का आम्हाला?"

सगळ्यांनी माझ्या जबड्याकडे पाहिले. मग मावशी म्हणाली, "'नाही' असं तर तो म्हणाला नाही."

इसौराने माझा हात हातात घेतला आणि मनगटापासून एकेक हाड सांगत गेली. सरांनी पास म्हटले, तरी तिने तो सोडला नव्हता.

मित्रांनो, सत्र संपत आले आहे. माझ्या जागी प्लास्टिकचा सांगाडा येईल, त्यालाही नीट वागवा. पण कधी खऱ्या हाडामांसाच्या कुणाला हात लावाल, तर आधी विचारा. मला इतक्या वर्षांत कुणी विचारलेच नव्हते. विचारले असते, तर मी दर वेळी हो म्हणालो असतो.