त्याच्या डोळ्याला लावलेली दुर्बीण

आतल्या खोलीत कपाटाचं दार किरकिरलं.

भरदुपार. लेक खारू नुकतीच झोपलेली, पुढच्या खोलीत अण्णांची कानस थांबलेली. घर इतकं गप्प होतं की ते किरकिरणं तिला थेट पाठीत लागलं. घरात कपाटं बरीच, पण मध्येच अडखळून पुन्हा किरकिरणारं एकच. हातातलं गिऱ्हाइकाचं भिंग तिने फडक्यावर ठेवलं, पदराला हात पुसले आणि ती उठली. धावली नाही. पोर जागी झाली असती तर हाती आलेला तेवढा एक तास गेला असता.

कपाटापुढे नणंद उभी होती. छातीशी चामड्याची लांबट डबी.

"वहिनी, ओरडू नकोस. आधी ऐक."

"ठेव ती."

"माझ्या दुर्बिणीच्या आत धुकं धरलंय, तूच बघितलंस ना? सकाळी गारव्यात नेम धरला की समोर नुसतं दूध. स्पर्धा तोंडावर आलीय."

"नवी घे. दुकानात दोन पडल्यात."

"नवरदेव बदलल्यासारखं सांगतेस! ओळख व्हायला वेळ नको? दादाची माझ्या बंदुकीवर बरोबर बसते. त्यानेच मला तिच्यावर शिकवलं." मग आवाज उतरला. "वहिनी, ती नुसती पडून आहे गं."

या नणंदेला नेमबाजीच्या मैदानावर सगळे तोफ म्हणत. धाकटी, बिनलग्नाची, मनात आलं की तोंडातून सुटलंच. पण डबी उघडायचं धाडस तोफेलाही झालं नव्हतं.

त्या घराचा धंदाच नेमाचा. बंदुकीच्या नळीच्या टोकाला नेम धरायला जो बारीकसा उंचवटा असतो, ज्याला माशी म्हणतात, ती घडवून बसवायचं काम सासऱ्यांचं, म्हणजे अण्णांचं. दुर्बिणी तपासायचं, पुसायचं, कुठल्या डोळ्याला कुठली लागेल ते सांगायचं काम हिचं. कुणी येऊन छाती फुगवून म्हणायचा, सगळ्यात मोठी द्या. ती विचारायची, "कशाला? चंद्र पाडायचाय?" मग समजवायची, की दुर्बीण लांबचं जितकं मोठं करते तितकाच तुमच्या हाताचा कापही मोठा करते, आपलाच थरथराट बघून माणूस घाबरतो. आणि निवडलेली दुर्बीण बंदुकीवर चढवून, मैदानावर नेऊन, गोळी आणि दुर्बिणीतली नेमाची फुली एका जागी आणायची, ते काम त्याचं, तिच्या नवऱ्याचं होतं. तो गेला. तापाचं निमित्त झालं आणि चालताबोलता माणूस गेला. वर्ष उलटलं. बंदूक पोलिसांत रीतसर जमा झाली. दुर्बीण तिने ठेवून घेतली.

का, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. धंद्यातल्या माणसाला सांगावं लागतही नाही. दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या टोकाला एक कडं असतं. ते फिरवत फिरवत आतली फुली आपल्या डोळ्यापुरती स्वच्छ करून घ्यायची. ज्याचा डोळा त्याचं कडं. त्याच्या उजव्या डोळ्याला लांबचं कमी दिसायचं आणि चष्मा लावून नेम धरायची त्याला भारी चीड. त्यामुळे त्याच्या दुर्बिणीत हिला कधीच धड दिसलं नव्हतं. फुली विरघळल्यासारखी, कडा फुटलेली. लग्नानंतरच्या दिवसांत ती त्याला चिडवायची, "तुझ्या डोळ्यांनी बघायचं म्हणजे शिक्षाच!" तो म्हणायचा, "म्हणून तर तू मला सुंदर दिसतेस."

तो गेल्यावर पहिले काही महिने ती रोज एकदा डबी उघडायची, दुर्बीण डोळ्याला लावायची आणि त्या धूसर फुलीकडे बघत बसायची. त्याचे शर्ट होते, चपला होत्या, पण ते सगळं तो नाही एवढंच सांगायचं. तो कसा बघत होता, ते फक्त या कड्यात उरलं होतं. पुढे पुढे तेही सोसेना. डबी कपाटात गेली.

"काय चाललंय?" अण्णा दारात आले. त्यांनी डबी बघितली. मग म्हणाले, "पोरी, चामड्याच्या डबीत ठेवलीस?"



गिऱ्हाइकांना ती उठता-बसता बजावायची, चामड्याच्या डबीत, बंद कपाटात भिंग ठेवणं म्हणजे बुरशीला जेवायला पाट मांडणं. चामडं ओल धरतं. महिन्यातून एकदा तरी उजेड दाखवा, वारा दाखवा. आणि स्वतः? तिने नणंदेच्या हातातून डबी ओढूनच घेतली, खिडकीपाशी नेली, उघडली. डोळ्याकडच्या भिंगाच्या काठावर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरले होते.

"बाहेरून आहे की आतून?" अण्णांनी विचारलं.

"बाहेरूनच वाटतेय. पुसल्याशिवाय कळणार नाही."

"मग पूस. आता पुसलीस तर डागही राहायचा नाही. राहू दिलीस तर भिंग खाईल ती." ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"वहिनी, एक करू," तोफ म्हणाली. "कड्यावर आणि शेजारी नळीवर नेलपॉलिशचा एकेक ठिपका देऊ. मला फिरवावं तर लागणारच. पण परत देताना ठिपक्याला ठिपका जुळवून देईन. आईशप्पथ. माझ्या पर्समध्ये आहे, आणते."

हे तिला कधी सुचलं कसं नाही? इतका साधा उपाय! वर्षभर साप होऊन बसली होती त्या डबीवर. छातीवरचा दगड हलल्यासारखा झाला. "आण जा," ती म्हणाली, "तोवर मी पुसून घेते."

हवेच्या रबरी फुग्याने तिने आधी धूळ उडवली. मग मऊ कुंचला. मग फडक्याच्या टोकाला औषधाचा एक थेंब, आणि मधून काठाकडे, गोल गोल, खारूच्या डोळ्यातलं कुसळ काढावं इतक्या हलक्या हाताने. धागे निघाले. भिंग निळसर हसलं. आत काही उरलंय का, ते बघायला तिने दुर्बीण उचलली, समोरच्या पांढऱ्या भिंतीवर रोखली आणि डोळा लावला.

फुली काळीशार दिसली. केसाएवढी बारीक, लख्ख.

वा, असं तिच्या तोंडून निघालंसुद्धा. आणि मग तिला आपला डावा हात दिसला. अंगठा आणि बोट कड्यावर होते. फिरवून झालं होतं.

रोजची सवय. डोळा लावायचा, धूसर दिसलं की बोटांनी कडं फिरवायचं, स्वच्छ झालं की थांबायचं. हाताने तिला विचारलंच नव्हतं.

तिने घाईघाईने कडं मागे नेलं. धूसर झालं. हेच का? अजून थोडं. हेही तसंच. उलट फिरवलं. तिकडेही धूसरच. आणि टक लावून बघण्यात अर्थ नव्हता, तेही ती रोज लोकांना शिकवायची: झटकन बघा, नजर काढा, पुन्हा बघा. फार वेळ बघत राहिलं की डोळा आपली समजूत घालून घेतो, आणि नाही ते बरोबर वाटायला लागतं.

तोफ लाल बाटली हलवत आली. "बोल, कुठे लावू ठिपका?"

"राहू दे."

"का गं?"

"फिरलं."

तोफेला पटकन कळलं नाही. कळलं तेव्हा ती मटकन खाटेवर बसली. अण्णांनी सुनेच्या हाताकडे बघितलं, मग स्वतःच्या. "माझ्याही हाताने हेच केलं असतं, पोरी."

"दादानेही केलं असतं," तोफ नाक ओढत म्हणाली. "कुणाच्याही लग्नात गेला तरी आधी फोटोवाल्याचं भिंग पुसून यायचा. या घराला रोगच आहे."

ती हसली. हसता हसता डोळे भरले, आणि मग भरतच राहिले. आरडाओरडा करावा असं काही घडलंच नव्हतं. कडं तर फिरलं. पण त्याला दुसऱ्यांदा ताप आल्यासारखं, दुसऱ्यांदा हातातून निसटल्यासारखं वाटत होतं, आणि या वेळी हात तिचाच होता.

बऱ्याच वेळाने तिने दुर्बीण नणंदेपुढे धरली. "घे. तुझ्यापुरती करून घे."

"नक्की?"

"पडून राहिली तर पुन्हा बुरशी. वापरात ठेव. आणि त्या डबीत नको, कापडी पिशवी देते."

तोफेने खिडकीतून भिंतीवर रोख धरला, कडं फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं. ओठ किंचित उघडे, मान जराशी डावीकडे. अगदी त्याच्यासारखी मान. हिने नजर वळवली आणि मग पुन्हा, राहवलं नाही म्हणून, बघितलं.

"आत्या, मला!" खारू उठली होती. गालावर उशीची घडी, केस डोळ्यांवर. आत्याने तिला खाटेवर उभं केलं, दुर्बीण दोन्ही हातांनी धरून दिली. पोरीने लगेच कडं शोधलं. याच घरची पोर ती.

"भिंत पळाली! आता आली! हे कशाला फिरवायचं असतं?"

"प्रत्येकाचा डोळा वेगळा असतो ना," आत्या म्हणाली. "आपल्याला नीट दिसेपर्यंत फिरवायचं. आजोबांचं वेगळं, तुझं वेगळं, माझं वेगळं."

खारूने थोडा विचार केला. दुर्बीण डोळ्यावरून काढली, आईकडे वळली, आणि कड्यावर इवलंसं बोट ठेवून म्हणाली,

"आई, बाबाला दिसायचं तसं बघायला कुठपर्यंत फिरवायचं?"